दुसरीचा आवाज

आमच्या वस्तीला टोळीप्रतिबंधाचं सरकारी अनुदान मंजूर झालं, तेव्हा पहिला सत्कार माझा झाला. महापालिकेच्या उपायुक्तांनी समाजमंदिरातल्या माईकवरून सांगितलं की राज्यभरातून आलेल्या अर्जांमधून आपला अर्ज निवडला गेला, तो गवसाने बाईंच्या, म्हणजे माझ्या, अनुभवकथनामुळे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. खांद्यावरची शाल सारखी घसरत होती आणि मी ती घसरू देत होते, कारण सावरताना सगळ्यांचं लक्ष जात होतं. पुढच्या रांगेत नरसम्मा येमुल बसली होती. माझ्या समोरच्याच दारात राहणारी. तिनेही टाळ्या वाजवल्या. तिच्या टाळ्या नेहमीच हात झटकल्यासारख्या असत, पन्नास वर्षं विड्या वळून तंबाखूची भुकटी झटकायची सवय.

ते अनुभवकथन मी अकरा पानं हाताने लिहिलं होतं. यंत्रमागांच्या मागे वसलेल्या या वस्तीत मी एकोणीसशे त्र्याऐंशी साली बालवाडी काढली. तेव्हा दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची, आणि त्यांचं वैर आमच्या आधीपासूनचं. त्या वेळचे दादा सायकलची चेन मुठीला गुंडाळून फिरत. फार तर हॉकी स्टिक. पण माझी पहिली मुलं मोठी झाल्यावर मी मध्ये जाऊन उभी राहिले की चेन खिशात जायची, कारण समोरचा गडी केव्हातरी माझ्याकडे पाटीवर गिरवून गेलेला असायचा. "बाई, तुम्ही घरी जावा," एवढंच म्हणून माणसं पांगायची. सूतगिरणी बंद पडली, चेन जाऊन कोयता आला, वाढदिवसाचे फ्लेक्स आले, पण बाई तीच राहिली. शांतता समितीच्या प्रत्येक फोटोत मी मधोमध आहे. निदान तेव्हा तरी मला असं वाटत होतं की वस्ती माझ्या शब्दावर चालते.

अनुदानाचे दोन भाग होते. मोठा भाग बंदोबस्ताचा: चौकाचौकांत कॅमेरे, पोलिसांना नवीन जीप, मैदानावरून घिरट्या घालणारं ड्रोन. लहान भाग प्रतिबंधाचा, आणि त्यातच ते यंत्र होतं. पोलिसांच्या यादीतल्या मुलांना दोन पर्याय दिले गेले. एक तर शहराबाहेर तडीपार व्हायचं, नाही तर मनगटावर पट्टी बांधून घरी राहायचं. एकसष्ट मुलांनी पट्टी बांधली. त्यांतला एक माझा नातू समर्थ. वय एकोणीस. त्याच्या नावावर गुन्हा नव्हता, पण खालच्या गल्लीच्या मुलांबरोबर तो प्रत्येक फोटोत होता. तो त्याच्या फोटोत आणि मी माझ्या.

त्या पट्टीमागचं शास्त्र मला प्रकल्पाच्या समन्वयक मेहजबीन नदाफ हिने समजावलं. ती माझ्याच बालवाडीतली. तिच्या सांगण्याप्रमाणे आपल्या मेंदूतून एक लांब मज्जातंतू निघतो आणि गळ्यातून उतरत हृदयापर्यंत, तिथून पोटापर्यंत जातो. व्हेगस त्याचं नाव. हृदयाला 'सावकाश' असं सांगण्याचं काम त्याचं. जन्मानंतरच्या पहिल्या हजार दिवसांत बाळ झोपताना, दूध पिताना जो आवाज रोज त्याच्या कानावर पडतो, त्या आवाजाची लय या मज्जातंतूशी जोडली जाते. बाळ मोठं होतं, सगळं विसरतं. पण तो आवाज पुन्हा कानावर पडला की नव्वद सेकंदांत त्याच्या हृदयाचे ठोके उतरायला लागतात. त्याला काही आठवावं लागत नाही. शरीराला आठवत असतं. आणि यात आवाजाच्या गोडव्याला किंमत नाही, शब्दांनाही नाही. किंमत असते ती लयीला, वाक्य कुठे खाली येतं आणि श्वास कुठे घेतला जातो त्याला.

दुसरा शोध सुडाबद्दलचा होता. आपण म्हणतो, रागाच्या भरात वार केला. तसं होत नाही. सूड घ्यायला निघालेल्या माणसाचं शरीर अर्धा-पाऊण तास आधी तयारीला लागतं. ठोक्यांमधलं अंतर एकसारखं होतं, तळहाताला घाम येतो, आणि विचार करणारा मेंदू हळूहळू हात काढून घेतो. पट्टीला हे कळतं. मग त्या अर्ध्या तासात त्या मुलाचा पहिल्या हजार दिवसांतला आवाज त्याच्या कानात पोचवायचा, एवढीच सगळी योजना. पट्टीतच छोटा स्पीकर होता. ज्याचा आवाज लागू पडेल त्याला 'स्वरसाथी' म्हणायचं. त्याला एक टॅब्लेट मिळायचा, त्यावर मुलाच्या ठोक्यांची रेघ दिसायची आणि त्यातूनच बोलता-ऐकता यायचं.

आवाज ध्वनिमुद्रित करून का ठेवत नाही, असं मी विचारलं. मेहजबीन म्हणाली की मुद्रित आवाज एकदा-दोनदा चालतो, मग शरीराला फसवणूक कळते, कारण पलीकडचा श्वास आपल्या श्वासाला उत्तर देत नसतो. आणि यंत्राने बनवलेल्या आवाजावर तर अनुदानाच्या अटींतच बंदी होती. खोट्या आवाजात फोन करून लोकांना लुबाडण्याचे इतके प्रकार होऊन गेले होते की सरकारने स्वच्छ लिहिलं होतं, जिवंत माणूसच पाहिजे.

मग वस्तीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या आवाजाचे नमुने घेतले. मी बालवाडीची प्रार्थना म्हटली, सगळी कडवी. प्रकल्पाची माणसं नरसम्माकडे गेली तेव्हा ती विड्यांचे कट्टे बांधत होती. काय बोलू, म्हणाली. काहीही बोला, असं त्यांनी सांगितल्यावर ती आपलं कामच करत राहिली आणि तेलुगूत विड्या मोजत राहिली. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. मला हसू आलं होतं.

निकाल सांगायला मेहजबीन घरी आली. चहा प्यायली, कप स्वतः विसळून ठेवला, पुन्हा येऊन बसली. लहानपणीही शी झाली की ती अशीच आधी इकडचं तिकडचं सांगत बसायची. मीच म्हटलं, सांग बाई आता.

एकसष्टपैकी चौतीस मुलांना नरसम्माचा आवाज लागू पडला होता. माझा दोघांना. ते दोघे सख्खे भाऊ होते आणि त्यांची आई त्यांना घेऊन बालवाडीत माझ्या मदतीला यायची.

"आणि समर्थ?"

"समर्थला नरसम्माच, बाई."

"मी दुसरी का?"

ती टॅब्लेटकडे बघत राहिली. "तुमच्या आवाजाने त्याचे ठोके वाढतात. नऊने."

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. तिने टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला.

खरं तर हिशोब सरळ होता आणि तो मला त्याच क्षणी कळला होता. वस्तीतल्या बायका मागावर नाही तर टॉवेल शिवायच्या कारखान्यात जात. बाळ सव्वा महिन्याचं झालं की नरसम्माच्या दारातल्या झोळीत. ती पायाच्या अंगठ्याने झोळीची दोरी ओढत विड्या वळायची. दुपारी कट्टे बांधताना मोजायची. माझ्याकडे मुलं यायची तिसरं सरल्यावर. म्हणजे हजार दिवस संपल्यावर. मी त्यांना अक्षरं दिली, रांगेत उभं राहायला शिकवलं, नखं कापली, खोटं बोलली की उभं केलं. आणि जिला आयुष्यभर कुलूप लागत नाही ती खोली तोवर दुसरीने भरून ठेवलेली होती.

समर्थचंही तेच. तो दोन वर्षांचा असताना, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा मुलगा गेला. सून पुढे पुण्याला नोकरीला गेली, तिथेच तिने पुन्हा संसार मांडला. नातू मी वाढवला असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. पण त्याच्या त्या पहिल्या वर्षांत त्याची आई कारखान्यात होती आणि मी बालवाडीत. बालवाडी सुटल्यावर समितीची बैठक, बैठकीनंतर निवेदन. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला मी जायची आणि माझा नातू दुसरीच्या झोळीत झोपायचा. म्हणून तर तो मला इतर मुलांसारखा बाई म्हणतो आणि तिला अम्मा.

त्यानंतर मी खिडकीत बसायला लागले. याआधीही बसत होते, पण आता तिच्या दाराकडे तोंड करून. कोण थांबतं, किती वेळ थांबतं. पट्टीवाली मुलं जाता-येता तिच्या पायरीशी रेंगाळत. ती त्यांना काही विचारत नसे. कुठे गेला होतास, का गेला होतास, काही नाही. एक जण तर तिथे बसून नुसता मोबाइल बघायचा आणि उठून जायचा. मला वाटायचं, यात हिने केलं काय? मी या मुलांसाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या, नवऱ्याच्या आजारपणात सुट्टी घेतली नाही. ही पायरीवर बसून विड्या मोजत होती. मी जुने फोटो काढून बघितले. तीसेक फोटोंत नरसम्मा फक्त दोन ठिकाणी होती, एकात तर तिचा अर्धा हातच. तरी समाधान होईना. तिने नवीन लुगडं नेसलं तर मला वाटायचं, स्वरसाथीच्या मानधनाच्या भरवशावर घेतलं असणार. ती खोकली तर वाटायचं, आता आवाज जाईल. असे विचार मी केले आहेत. या वयात.

स्वरसाथींची यादी प्रभाग समितीपुढे आली. समितीत मी होतेच. नियमावलीचं सतरावं कलम मी रात्रंदिवस पाठ केलं होतं: स्वरसाथीच्या घरात कुणी तडीपार झालेलं नसावं. नरसम्माचा मुलगा श्रीनिवास दोन हजार सोळा साली तडीपार झाला होता. मी ते कलम वाचून दाखवलं आणि एवढंच म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा असावा."

जे मी सांगितलं नाही ते असं, की श्रीनिवासची नोटीस आठ महिन्यांत मागे घेतली गेली होती. नावात गोंधळ झाला होता, श्रीनिवास येमुल दोन होते. तो गोंधळ सोडवायला जे पत्र गेलं होतं ते माझ्या हातचं. त्या वेळी नरसम्मा माझ्या पायाशी वाकली होती आणि मी तिला उठवलं होतं. बैठकीत मी खोटं बोलले नाही. अर्धं बोलले. नरसम्माचं नाव कापलं गेलं. चौतीस मुलांना जवळचा नातेवाईक स्वरसाथी म्हणून नेमायचं ठरलं, आणि समर्थसाठी माझं नाव लागलं. मेहजबीनने मान वर न करता ते लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी नरसम्मा माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. मला ती कायम टीचर म्हणत आली आहे.

"टीचर, मला काढलं ते चाललं," ती म्हणाली. "माझ्या पोराचं नाव नको घ्यायला होतं तू."

तेवढं बोलून ती गेली, आणि त्या आठवड्यात दाराला कुलूप लावून भिवंडीला मुलीकडे निघून गेली. फोन तिच्याजवळ नसायचा, मुलीच्या घरीच काय तो एक. टॅब्लेट माझ्याकडे आला. मी त्याला भरतकामाचं झाकण शिवलं.

फेब्रुवारीत वरच्या गल्लीतल्या प्रज्वलचा वाढदिवसाचा फ्लेक्स कुणीतरी फाडला. संशय समर्थच्या मित्रावर, आदर्शवर. वरच्या गल्लीच्या मुलांनी आदर्शला गाठलं आणि त्याची दोन बोटं तोडली. मी दवाखान्यात गेले, आदर्शच्या आईजवळ बसले. समर्थ बाहेरच्या कठड्यावर बसला होता. मी त्याला दहा मिनिटं समजावलं. तो "हो बाई, हो बाई" म्हणत राहिला.

दोन दिवसांनी, दुपारी साडेतीनला, टॅब्लेट वाजला. लाल चौकट. ठोके एकशे अठ्ठावीस, दोन ठोक्यांमधलं अंतर रूळ ठेवून आखल्यासारखं. जागा, बंद सूतगिरणीचं आवार. लगेच मेहजबीनचा फोन आला. पोलिसांनाही खबर गेली होती, जीप वीस मिनिटांत पोचणार होती. ड्रोनमध्ये तीन मुलं दिसत होती, एकाच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. प्रज्वल रोज पावणेचारला आयटीआयमधून त्याच रस्त्याने यायचा. जीप आधी पोचली तर समर्थ हत्यारासकट तुरुंगात जाणार होता, आणि प्रज्वल आधी पोचला तर त्याहून वाईट होणार होतं.

मी बटण दाबलं. "समर्थ, मी बोलतेय. कुठे आहेस तू? आधी ते खाली ठेव. तुझ्या बापाचं नाव..."

रेघ चढली. एकशे चौतीस. मी आणखी बोलले. एकशे एक्केचाळीस. माझ्या डोळ्यांसमोर माझा प्रत्येक शब्द त्याच्या छातीत काठीसारखा बसत होता आणि वर आकडा दिसत होता. दुसऱ्या फोनवरून मेहजबीन म्हणाली, "बाई, तुम्ही बोलू नका. प्लीज." मी भिवंडीला फोन लावायला सांगितला. ती म्हणाली, कधीची लावतेय, कुणी उचलत नाही.

तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

मी सांगते ते कुणाला पटो न पटो. मी ठरवून काही केलं नाही. समोरच्या कुलूप लावलेल्या दाराकडे माझं तोंड होतं, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. "ओकटी." पन्नास वर्षं दुपारी समोरून ऐकलेला. जीभ टाळूला लावून जरा ओढलेला, शेवटी खाली सोडलेला. "रेंडू. मूडू." चौथ्यानंतर ती श्वास घ्यायची, तोही मला ठाऊक होता. मी तिचा द्वेष करायला बसले होते त्या दिवसांत तर आणखीच बारकाईने ऐकत होते ना. "नालुगू." श्वास. "ऐदू."

एकशे एक्केचाळीस. एकशे सदतीस. एकशे तीस.

मी मोजत गेले. माझ्या दाराशी शेजारची सून येऊन उभी राहिली होती, तिला वाटलं बाईंना भ्रम झाला. विसाच्या पुढे रेघ खाली वाकली, तिच्यात पुन्हा खाचखळगे दिसायला लागले. चोवीसला ठोके अठ्ठ्याण्णव होते. मी "इरवै ऐदू" म्हटलं. पंचवीस.

पलीकडे त्याने श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. रेघ उसळली. मला वाटलं, संपलं, चोरी पकडली गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं तर जीभ हलेना. माझ्या आवाजात बोलावं तर तो वाढणार. मी नुसती टॅब्लेट धरून बसले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

मग त्याचा आवाज आला, दमलेला.

"येतो मी, अम्मा."

साडेपाचला तो घरी आला. पोतं आवारातल्या विहिरीत टाकलं होतं. जीप आली तेव्हा तिघं कठड्यावर बसलेली सापडली, पोलिसांनी दरडावून सोडून दिलं. प्रज्वल त्यांच्यासमोरून सायकलवरून निघून गेला म्हणे, त्याला काही कळलंही नाही. समर्थने पाय धुतले, ताट वाढून घेतलं आणि भाकरी मोडताना म्हणाला की नरसम्माचा फोन आला होता. मी म्हटलं, हो का. उद्या भिवंडीला जाऊन चार दिवस अम्माकडे राहतो, म्हणाला. मी म्हटलं, जा.

तो आंघोळीला गेला तसा मी भिवंडीचा नंबर फिरवला. तो तिथे पोचला की पहिल्यांदा तिला काय विचारणार हे उघड होतं. आता उचलला. नातीने फोन आजीच्या कानाला लावला. मी सगळं सांगितलं. समितीत अर्धं बोलले तेही सांगितलं, आणि आता तूच मोजलंस असं त्याला म्हण, अशी विनंती केली. माझ्या आयुष्यात मी तिच्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

पलीकडे तिने नातीला टीव्ही बंद करायला सांगितलं.

"कुठवर मोजली?" तिने विचारलं.

"पंचवीस."

"पंचवीस म्हटली?"

"हो. कट्टा पंचविसाचाच असतो ना?"

"अय्यो, टीचर." ती हसली. मला चिडवल्यासारखं नाही, पण हसली. "लेकरू झोळीत असलं की पंचवीस कधी म्हणत नव्हते मी. पंचवीस म्हटलं की काम संपलं, आता अम्मा उठणार, असं कळतं त्यांना. रडतात. चोवीस म्हणायचं, पंचविसावी गुपचूप बांधायची, परत ओकटी. पाच वर्षांचं झालं तरी समर्थ मला विचारायचा, अम्मा, तुझं पंचवीस कुठे गेलं?"

पंचविसाला उसळलेली रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली.

"त्याला कळलं असणार," ती म्हणाली. "तिथंच कळलं असणार. येऊ दे त्याला. मी सांगते मीच म्हणून. तोही ऐकून घेईल."

आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला. म्हणजे तो माझा आवाज आहे हे त्याला कळलं होतं. कळल्यावर तो म्हणाला होता, येतो मी. आणि जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाला होता, नरसम्माचा फोन होता. माझी अब्रू राहावी म्हणून. असं काही न विचारणं, असं समोरच्याला सांभाळून घेणं मी त्याला शिकवलेलं नाही. कुणी खोटं बोललं की मी उभं करायची. हे त्याला कुठल्या पायरीवर मिळालं ते मला माहीत आहे, आणि तेवढ्या आनंदातही माझ्या पोटात जळलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या सोमवारी मी प्रकल्पाच्या कार्यालयात गेले. श्रीनिवासची नोटीस मागे घेतल्याचं पत्र माझ्या ट्रंकेत होतं, त्याची प्रत दिली. बैठकीत मी अर्धी माहिती दिली, असं लिहून खाली सही केली. मेहजबीनने अर्ज दोनदा वाचला. नरसम्माचं नाव पुन्हा लागायला महिना जाईल, पण लागेल, म्हणाली. माझं नाव समितीतून जाऊ शकतं, हेही सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे. कृत्रिम आवाजाचं काय, असंही मी विचारलं. ती म्हणाली की यंत्राने काढलेल्या आवाजावर बंदी आहे, एका म्हातारीने दुसरीच्या आवाजात बोलण्याबद्दल नियमावलीत काही दिलेलं नाही.

मग मी उठता उठता बसले. "त्या दिवशीची रेघ बघायला मिळेल का?"

तिने मोठ्या पडद्यावर लावली. पहिला चढ माझा, तिथे मी बघितलं नाही. मग लांबच लांब उतार, एकशे एक्केचाळीसपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत. तो नरसम्माचा, त्यावर माझा हक्क नाही. मग पंचविसाला सुईसारखं वर गेलेलं टोक, एकशे बारा. आणि त्यानंतर रेघ परत खाली आली होती, आधीपेक्षा सावकाश, पण न थांबता. अठ्ठ्याण्णवच्या खाली, नव्वदच्या खाली. शहाहत्तरच्या आसपास येऊन ती स्थिरावली होती. तिथे तो 'येतो मी' म्हणाला होता.

मेहजबीन खुर्ची ओढून पुढे झाली. "बाई, इथे चाळीस सेकंद तुम्ही काय बोललात? ध्वनिमुद्रणात काही ऐकू येत नाही."

"काही नाही," मी म्हटलं. "गप्प बसले होते."

ती माझ्याकडे बघून हसली, बालवाडीत हसायची तसं. मला त्या शेवटच्या तुकड्याची छापील प्रत पाहिजे होती. नियमात बसत नव्हतं, तरी तिने दिली. एकशे बारापासून शहाहत्तरपर्यंत. छत्तीस ठोके. ते माझे आहेत.

तो कागद मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आहे. नरसम्मा परवा परत आली, समोरचं दार उघडलं, आल्याबरोबर चार मुलं पायरीवर येऊन बसली. मी तिच्याकडे चहाला गेले, वस्तीतल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. छत्तीस ठोक्यांचं मात्र सांगितलेलं नाही.